अणुकेंद्राची सामूहिक हालचाल संगणकावर कशी काढायची: इंदूरच्या एम.एससी. विद्यार्थ्यांसाठी

चौथ्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली की खंडवा रोडच्या कॅम्पसमधली आणि होळकर सायन्स कॉलेजमधली मुलं-मुली मला एकच प्रश्न विचारतात: "ताई, न्यूक्लियर थिअरीत काहीतरी करायचं आहे, पण आमच्याकडे साधा लॅपटॉपच आहे. जमेल का?" जमतं. नीट क्रमाने गेलात तर खूपच जमतं. पीएच.डी. याच विषयात केल्यामुळे कुठे अडतं ते मला माहीत आहे, म्हणून सगळं एकदा लिहूनच ठेवते.

विषय थोडक्यात असा. अणुकेंद्रातले प्रोटॉन-न्यूट्रॉन काही वेळा एकेकटे न हलता सगळे मिळून हलतात. १९४७ साली बाल्डविन आणि क्लायबर यांना गॅमा किरण शोषले जाताना एक रुंद, उंच शिखर दिसलं. पुढच्याच वर्षी गोल्डहाबर आणि टेलर यांनी त्याचा अर्थ लावला: सगळे प्रोटॉन एका बाजूला आणि सगळे न्यूट्रॉन दुसऱ्या बाजूला असं ते दोलन आहे. यालाच जायंट डायपोल रेझोनन्स म्हणतात. अख्खं केंद्र फुगतं-आकसतं तो मोनोपोल, लांबट-चपटं होतं तो क्वाड्रुपोल. या सामूहिक हालचालीच्या सिद्धांताबद्दल आगे बोर, बेन मॉटेलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना १९७५चं नोबेल मिळालं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. आरआरकॅट या इंदूरच्या संशोधन केंद्रातलं इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन यंत्र जवळ आहे म्हणून "तिथे डायपोल रेझोनन्सचा प्रयोग होईल का" असं बरेच जण विचारतात. इंडस-२ मधल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ जीईव्ही असली तरी त्यातून मिळतात ते क्ष-किरण, म्हणजे केईव्हीच्या पट्ट्यातले फोटॉन. आपल्याला लागतात १० ते २० एमईव्हीचे. तेव्हा इंदुरात बसून आपल्या वाट्याला येतं ते गणित, आणि तेही कमी नाही.

काय काय लागेल

- लिनक्स असलेला लॅपटॉप. ८ जीबी रॅम पहिल्या पाच पायऱ्यांना पुरते.
- फोरट्रानचा फुकट मिळणारा कंपायलर, मॅट्रिक्सच्या गणितासाठी लॅपॅक आणि ओपनब्लास. आलेख काढायला पायथन, नमपाय, मॅटप्लॉटलिब.
- गोल केंद्रांसाठी स्कर्म-आरपीए हा कोड (आरपीए म्हणजे रँडम फेज अप्रॉक्सिमेशन, सामूहिक दोलनांच्या ऊर्जा काढायची पद्धत). जियानलुका कोलो आणि सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. लांबट केंद्रांच्या ग्राउंड स्टेटसाठी एचएफबीटीएचओ. केंद्राची हालचाल काळाबरोबर क्षणोक्षणी सोडवायची असेल तर स्काय३डी.
- क्वांटम मेकॅनिक्सच्या पेपरातलं सेकंड क्वांटायझेशन हाताशी. तो भाग ऑप्शनला टाकला असेल तर आधी तो भरून काढा.
- एक जाड वही. प्रत्येक रनचे इनपुट आकडे तारखेसकट त्यात लिहायचे.

१. पहिलं केंद्र शिसं-२०८ च घ्या

कोणी काहीही सांगो, पहिल्याच दिवशी लांबट युरेनियम घेऊ नका. शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक नंबर, म्हणजे कवचं पूर्ण भरलेली. केंद्र गोल, पेअरिंगची (न्यूक्लिऑनच्या जोड्या जमण्याची) भानगड नाही आणि ताडून पाहायला प्रयोगाचे आकडे भरपूर. बंधन ऊर्जा १६३६ एमईव्ही, विद्युतभाराची त्रिज्या ५.५० फर्मी, डायपोल शिखर साडेतेरा एमईव्हीच्या आसपास.

शिवाय याची एक सामूहिक हालचाल तुम्ही बहुधा स्वतः मोजलेली आहे. गॅमा स्पेक्ट्रोस्कोपीच्या प्रॅक्टिकलला बॅकग्राउंड बराच वेळ मोजत ठेवला की उजव्या टोकाला २६१४.५ केईव्हीवर एक बारकं शिखर उभं राहतं. भिंतीतल्या विटा-मातीत थोरियम असतं. त्याच्या साखळीत शेवटी थॅलियम-२०८ चं शिसं-२०८ होतं, आणि ते शिसं आपल्या पहिल्या उत्तेजित अवस्थेतून खाली येताना हा गॅमा सोडतं. ती अवस्था म्हणजे ऑक्टुपोल कंप: अख्खं केंद्र पेरूसारखा आकार घेत हलतं. ज्या आकड्यावर तुम्ही डिटेक्टर कॅलिब्रेट करता, तोच आकडा आता सिद्धांतातून काढायचा आहे. मला हा दुवा फार आवडतो, म्हणून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी आधी हे शिखर दाखवते.

२. ग्राउंड स्टेट घाईने उरकू नका

सगळ्याचा पाया हार्ट्री-फॉकचं उत्तर, म्हणजे प्रत्येक कण बाकीच्यांच्या सरासरी पोटेन्शियलमध्ये हलतो असं धरून काढलेलं. एसएलवाय-४ किंवा एसकेएम-स्टार यांपैकी एक स्कर्म फंक्शनल (ऊर्जेचं घनतांतून लिहिलेलं सूत्र) निवडा आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत बदलू नका.

इथला सापळा असा, की ऊर्जा स्थिर झाली म्हणजे काम झालं असं वाटतं. पण ऊर्जा व्हेरिएशनल असते. घनतेत जेवढी चूक असेल, तिच्या वर्गाइतकीच चूक ऊर्जेत दिसते. म्हणजे ऊर्जेचे सहा आकडे पक्के दिसत असताना घनतेचे तीनच पक्के असू शकतात, आणि पुढचं सगळं गणित घनतेवर उभं आहे. म्हणून कन्व्हर्जन्सची अट घनतेवर किंवा पोटेन्शियलवर लावा, आणि कडक लावा.

ज्यात केंद्र ठेवून गणित करतो तो बॉक्स १५, २० आणि २५ फर्मीचा घेऊन तिन्ही रन ठेवून द्या. पुढे चौथ्या पायरीत लागतील.

३. आरपीए न करता पहिलं उत्तर काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते याच पायरीवर विषय समजतो. मोनोपोलची ऊर्जा काढायला आरपीएची गरजच नाही.

त्रिज्येचा वर्ग हा ऑपरेटर घ्या. हॅमिल्टोनियनमधून लॅम्डा गुणिले हा ऑपरेटर वजा करा आणि हार्ट्री-फॉक पुन्हा सोडवा. एकदा लॅम्डा धन, एकदा ऋण, दोन्ही अगदी लहान. ऑपरेटरची सरासरी लॅम्डाबरोबर किती वेगाने बदलते ते काढा आणि निम्मं करा. हा झाला वजा-एक क्रमाचा मोमेंट (क्रम म्हणजे प्रत्येक अवस्थेच्या स्ट्रेंग्थला तिच्या ऊर्जेच्या कितव्या घाताने गुणून बेरीज केली तो घात). पहिल्या क्रमाचा मोमेंट तर सूत्रानेच मिळतो: एच-बार वर्ग भागिले वस्तुमान, गुणिले २, गुणिले न्यूक्लिऑनची संख्या, गुणिले सरासरी त्रिज्यावर्ग. शिशासाठी हा आकडा साधारण ५.३ लाख येतो, एकक एमईव्ही गुणिले फर्मीचा चौथा घात. पहिल्या क्रमाचा मोमेंट भागिले वजा-एक क्रमाचा, त्याचं वर्गमूळ, आणि मोनोपोलची ऊर्जा हातात: १४ एमईव्हीच्या जवळपास. सगळं काही मिनिटांचं काम.

लॅम्डा मात्र मोठा घेऊ नका. धन लॅम्डाला पोटेन्शियल बॉक्सच्या कडेला खाली जाऊ लागतं आणि सैल बांधलेले न्यूट्रॉन तिकडे सरकतात. लॅम्डा निम्मा करून उत्तर तेच येतंय ना, एवढं पाहून घ्या.

४. लहान मॅट्रिक्स एकदा स्वतः बांधा

आता आरपीए. भरलेल्या पातळीवरून एक कण उचलून रिकाम्या पातळीवर ठेवला की एक पार्टिकल-होल जोडी झाली. अशा सगळ्या जोड्यांमध्ये ए आणि बी ही दोन मॅट्रिक्स बांधायची आणि आयगेनव्हॅल्यू काढायच्या. शिशासारख्या गोल केंद्रात एका मल्टिपोलसाठी (मोनोपोल, डायपोल वगैरेंपैकी एकासाठी) जोड्या काही शे ते हजार-दोन हजार. दोन हजार जोड्यांचं मॅट्रिक्स म्हणजे ४० लाख आकडे, ३२ एमबी. लॅपटॉपला काहीच नाही.

एक युक्ती पहिल्यापासून वापरा. आरपीएचं पूर्ण मॅट्रिक्स दुप्पट आकाराचं आणि असममित असतं. पण ए आणि बी दोन्ही वास्तव असतील, तर ए वजा बी आणि ए अधिक बी यांच्या गुणाकारातून निम्म्या आकाराचा सममित प्रश्न तयार होतो, ज्याची आयगेनव्हॅल्यू ऊर्जेचा वर्ग असते. वेळ बराच वाचतो. वर्ग ऋण आला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका: एकतर ग्राउंड स्टेट कन्व्हर्ज झालेली नाही, नाहीतर ते केंद्र त्या दिशेने खरोखरच अस्थिर आहे.

मग दुसऱ्या पायरीत ठेवलेल्या तिन्ही बॉक्सची उत्तरं एकावर एक काढा. जी शिखरं बॉक्सबरोबर सरकतात ती बॉक्सची. जी जागेवर राहतात ती केंद्राची. हा आलेख प्रोजेक्ट रिपोर्टात नक्की घाला, व्हायव्हाला यावर प्रश्न येतोच.

५. मोठं मॅट्रिक्स बांधूच नका

खरी अडचण केंद्र लांबट झालं की सुरू होते. गोल सममिती गेली, पेअरिंग आलं, आणि जोड्यांची संख्या सहज लाखावर गेली. लाख गुणिले लाख म्हणजे दहा अब्ज आकडे, एका मॅट्रिक्सला ८० जीबी. ए आणि बी मिळून १६०. ते डायगोनलाइझ करायला लागणारा वेळ आकाराच्या तिसऱ्या घाताने वाढतो. इथे बरेच जण थांबतात किंवा जोड्या कापून टाकतात. कापू नका, त्याने सहाव्या पायरीतल्या सगळ्या तपासण्या बिघडतात.

यावरचा तोडगा २००७ साली नाकात्सुकासा, इनाकुरा आणि याबाना यांनी मांडला: फायनाइट अँप्लिट्यूड मेथड, आपण फॅम म्हणू. २०११ मध्ये आवोगाद्रो आणि नाकात्सुकासा यांनी ती पेअरिंग असलेल्या केंद्रांसाठी वाढवली. कल्पना साधी आहे. आपल्याला मॅट्रिक्स कधीच नको होतं. मॅट्रिक्सने एका व्हेक्टरला गुणलं की काय येतं, एवढंच हवं होतं. आणि तो गुणाकार हार्ट्री-फॉकचा कोड आधीच करतो. घनतेत जरासा बदल द्या, कोडकडून नवं पोटेन्शियल घ्या, जुनं वजा करा, त्या जराशा बदलाने भागा. झाला गुणाकार. रेसिड्युअल इंटरॅक्शनची (सरासरी पोटेन्शियलपलीकडे जोड्यांमध्ये उरणाऱ्या बलाची) एकही ओळ हाताने लिहावी लागत नाही.

रन असा चालतो:

अ) एक फ्रिक्वेन्सी निवडा. तिला थोडा काल्पनिक भाग जोडा, समजा ०.५ एमईव्ही. त्यामुळे प्रत्येक शिखर १ एमईव्ही रुंदीचं होतं.

आ) प्रत्येक जोडीचा वाटा सांगणाऱ्या एक्स आणि वाय या व्हेक्टरांपासून बदललेली घनता, घनतेपासून बदललेलं पोटेन्शियल, त्यावरून नवे एक्स आणि वाय.

इ) हे स्थिर होईपर्यंत फिरवा. नुसतं फिरवलं तर शिखराजवळ उधळतं, म्हणून मॉडिफाइड ब्रॉयडन किंवा जीएमआरईएस या फेऱ्या स्थिर करणाऱ्या पद्धती वापरा.

ई) शेवटी रिस्पॉन्सच्या काल्पनिक भागाला उणे एक भागिले पाय ने गुणा. हाच स्ट्रेंग्थचा आलेख, एक बिंदू.

लाख जोड्यांना एक्स आणि वाय मिळून ३.२ एमबी लागतात. ब्रॉयडनचा इतिहास धरूनही काम काही शे एमबीत बसतं. १६० जीबीशी ताडून पाहा.

या पायरीतले सापळे मी वेगळे सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ यांतच जातो.

पहिला, टाइम-ऑड पदं, म्हणजे काळ उलटा केला की चिन्ह बदलणाऱ्या घनतांची पदं. सम-सम केंद्राच्या ग्राउंड स्टेटमध्ये करंट आणि स्पिन घनता शून्य असतात, म्हणून बरेच कोड त्या मोजतच नाहीत. पण केंद्र हलायला लागलं की त्या शून्य राहत नाहीत. ती पदं चालू केली नाहीत तर कोड विनातक्रार चालतो, आलेख छान येतो, आणि उत्तर चुकीचं असतं.

दुसरा, फ्रिक्वेन्सी कॉम्प्लेक्स असल्याने बदललेली घनता हर्मिशियन नसते. पोटेन्शियलच्या सबरुटीनने वास्तव घनता गृहीत धरली असेल तर ती कॉम्प्लेक्स करून घ्या.

तिसरा, तो जरासा बदल किती घ्यायचा. मोठा घेतला तर नॉनलिनिअर भाग शिरतो, फार लहान घेतला तर वजाबाकीत आकडेच उडून जातात. दहाच्या उणे चौथ्या घातापासून उणे आठव्यापर्यंत बदलून पाहा, उत्तर ज्या पट्ट्यात हलत नाही त्याच्या मधला घ्या. स्कर्म फंक्शनलमध्ये तर हे टाळताही येतं. घनतेच्या अपूर्णांकी घाताचं पद सोडलं तर बाकी सगळं साधं वर्गपद असतं, त्याचं डेरिव्हेटिव्ह कागदावर काढून कोडमध्ये घालता येतं.

चौथा सापळा समांतर रनचा. प्रत्येक फ्रिक्वेन्सी स्वतंत्र असल्याने आठ कोअरवर आठ रन सोडता येतात. पण ओपनब्लास आपणहून आठ-आठ थ्रेड उघडतं, आणि चौसष्ट थ्रेड एकमेकांच्या पायात येतात. थ्रेडची संख्या १ करून मगच सोडा. मे महिन्यात तर हे फारच जाणवतं: इंदुरात पारा चाळिशीच्या वर गेला की लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. लांब रन रात्री लावा, आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सी संपली की एक्स-वाय फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी तिथूनच पुढे जाता येईल. शेजारच्या फ्रिक्वेन्सीचं उत्तर सुरुवातीला दिलं तर फेऱ्याही कमी होतात.

स्वतः लिहायचं नसेल तर डिरक्यूफॅम हा २०२० साली प्रसिद्ध झालेला कोड रिलेटिव्हिस्टिक पद्धतीने हेच करतो. आणि संपूर्ण आलेख एका दमात हवा असेल तर अर्नोल्डीसारख्या क्रायलॉव्ह पद्धती आहेत. फिनलंडमधल्या यिवास्क्युलाच्या गटाने २०१० मध्ये आरपीएसाठी ती वापरून दाखवली. सुरुवात मात्र फॅमनेच करा, त्यात चूक कुठे आहे ते चटकन सापडतं.

६. आलेखावर विश्वास ठेवण्याआधी

तीन तपासण्या. तिन्ही झाल्याशिवाय गाइडकडे जाऊ नका.

सरकण्याची अवस्था: अख्खं केंद्र जागेवरून सरकलं तर त्याला ऊर्जा लागत नाही, म्हणून आयसोस्केलर (प्रोटॉन-न्यूट्रॉन एकाच दिशेने हलणाऱ्या) डायपोलमध्ये एक अवस्था बरोबर शून्यावर यायला हवी. ती थोडी वर येतेच, पण दोन-तीन एमईव्हीवर बसली असेल तर तुमचं ग्राउंड स्टेट आणि आरपीए एका फंक्शनलचे राहिलेले नाहीत. स्पिन-ऑर्बिट किंवा कुलॉमचा भाग एकीकडे आहे आणि दुसरीकडे गळला आहे, असं समजून तिथेच शोधा. आयसोव्हेक्टर (दोघं उलट दिशेने हलणाऱ्या) डायपोलसाठी प्रोटॉनला एन भागिले ए आणि न्यूट्रॉनला उणे झेड भागिले ए हा प्रभार द्या (इथे एन न्यूट्रॉन, झेड प्रोटॉन आणि ए एकूण संख्या, मॅट्रिक्स नव्हे), म्हणजे सरकण्याचा भाग निघून जातो.

बेरीज: डायपोलच्या शोषणाची एकूण बेरीज ६० गुणिले एन गुणिले झेड भागिले ए, एकक एमईव्ही-मिलिबार्न. शिशासाठी सुमारे २९८०. स्कर्ममध्ये वेगावर अवलंबून पदं असल्याने तुमचा आकडा याहून वर येईल, आणि किती वर ते फंक्शनलवरून आधीच काढता येतं. खाली आला तर कुठेतरी जोड्या कापल्या गेल्या आहेत. मोनोपोलला ही वाढ नसते, तिथे तिसऱ्या पायरीतलं सूत्र जसंच्या तसं लावा. या बेरजा हार्ट्री-फॉकच्या ग्राउंड स्टेटवरूनच मिळतात, हे थाउलेसने १९६१ मध्ये दाखवलं.

आणि शिसं-२०८: फॅमचा आलेख चौथ्या पायरीतल्या मॅट्रिक्सच्या आलेखावर ठेवा. रुंदी, बेसिस आणि फंक्शनल तेच असेल तर दोन रेघांची एकच रेघ दिसली पाहिजे.

७. काळाबरोबर क्षणोक्षणी सोडवायचं असेल तर

स्काय३डीने केंद्राला हलकासा धक्का देऊन डायपोल मोमेंट काळाबरोबर नोंदवता येतो, मग फूरिये ट्रान्सफॉर्म. आकार कसाही असो, चालतं. किती काळ चालवता त्यावर बारकावा ठरतो: १००० फर्मी भागिले सी एवढ्या काळात १.२ एमईव्हीपेक्षा जवळची दोन शिखरं वेगळी दिसत नाहीत. धक्का निम्मा केला की प्रतिसाद निम्मा होतो का, हे एकदा पाहा.

८. प्रयोगाशी ताडताना

प्रयोगाचे आकडे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एक्सफोर या संग्रहात फुकट मिळतात. शिशाच्या डायपोल शिखराची रुंदी तिथे ४ एमईव्हीच्या आसपास दिसेल. आता तुमचा काल्पनिक भाग २ केला की आलेख बरोबर बसेल, आणि तो मोह होतोच. तसं करून "रुंदी जुळली" असं लिहू नका. ती रुंदी तुम्ही हाताने घातली आहे. खरी रुंदी मुख्यतः जास्त गुंतागुंतीच्या अवस्थांत ऊर्जा पसरल्याने येते, आणि त्या आरपीएत नाहीतच. शिखराची जागा आणि बेरीज, एवढ्यावरच बोला. ऑक्टुपोलचा आकडाही २.६१५ वर नेमका येणार नाही, बहुतेक फंक्शनलमध्ये तो वर येतो. जसा येईल तसाच लिहा.

९. मोठ्या संगणकावर वेळ मागताना

प्रोजेक्ट पुढे पीएच.डी.त न्यायचा असेल किंवा केंद्रांची एक अख्खी साखळी करायची असेल तर लॅपटॉप अपुरा पडतो. अर्जासोबत हे तयार ठेवा:

- गाइडच्या सहीचं पत्र आणि विभागाचं ओळखपत्र.
- एका पानाचा उद्देश. पहिल्या चार ओळींत काय काढायचं आणि कोणत्या केंद्रांचं, एवढंच.
- एका फ्रिक्वेन्सीला एका कोअरवर लागणारा मोजलेला वेळ. त्याला फ्रिक्वेन्सींची संख्या, मल्टिपोलची संख्या आणि केंद्रांची संख्या यांनी गुणा. लांबट केंद्रात एकाच मल्टिपोलचे के नावाचे वेगवेगळे घटक असतात, ते मोजायला विसरू नका, नाहीतर मागितलेला वेळ अर्ध्यावर संपतो.
- सर्वांत मोठ्या रनची रॅम.
- २, ४, ८ आणि १६ कोअरवर वेळ कसा घटतो त्याचा तक्ता. अर्ज तपासणारे सगळ्यात आधी हाच बघतात.
- सहाव्या पायरीतले शिशाचे तिन्ही निकाल, आलेखासकट.